मेंदूचं पंचांग आणि घरातलं डोहाळजेवण

आपल्याकडे रीत आहे, तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. आईला ठाऊक, सासूबाईंना ठाऊक, फार तर धाकट्या बहिणीला. बाकीच्यांसाठी "तिला जरा पित्त झालंय". सुरुवातीला गर्भ टिकेल की नाही याची धास्ती असते, त्यातून ही रीत पडली असणार, आणि ती समजण्यासारखी आहे. मग चौथ्या-पाचव्या महिन्यात पेढे. सातव्यात डोहाळजेवण, हिरवी साडी, फुलांची वाडी, पाच तऱ्हेचे भात. बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर. म्हणजे बाईच्या ताटाकडे घराचं लक्ष वळतं ते हळूहळू, पोट दिसायला लागल्यावर.

बाळाच्या मेंदूचं पंचांग मात्र या रीतीला विचारून लिहिलेलं नाही. त्यातलं पहिलं मोठं कार्य पेढ्यांच्याच काय, बातमीच्याही आधी उरकलेलं असतं. पुढची कार्यंही आपापल्या मुहूर्तावर होतात आणि प्रत्येकाला वेगळं सामान लागतं. सामान वेळेवर आलं नाही म्हणून काम थांबत नाही. जे हाताशी आहे त्यात ते उरकलं जातं. मेंदूच्या पोषणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. 'काय खावं' याच्या याद्या सगळीकडे मिळतात, 'केव्हा' हा प्रश्न मागे राहतो.

पहिले अठ्ठावीस दिवस

मेंदू सुरुवातीला मेंदूसारखा अजिबात नसतो. पेशींची एक चपटी पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात आणि मधोमध येऊन मिटतात, करंजीच्या कडा मिटाव्यात तशा. त्यातून एक नळी तयार होते. वरच्या टोकाचा मेंदू होतो, खालच्या भागाचा पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू. गर्भ राहिल्यापासून साधारण २८ व्या दिवसापर्यंत ही नळी मिटलेली असते. डॉक्टर महिने मोजतात ते शेवटच्या पाळीपासून, म्हणून त्यांच्या हिशेबात हा सहावा आठवडा. साध्या भाषेत सांगायचं तर पाळी चुकून दोन आठवडे झाले की हे काम संपलं. बऱ्याच बायका तेव्हा नुकत्या कुठे तपासणीचं किट आणायला निघालेल्या असतात.

नळी खालच्या बाजूला उघडी राहिली तर बाळाच्या पाठीवर फुगवटा येतो, पायांतली शक्ती जाऊ शकते. वर उघडी राहिली तर मेंदू आणि कवटी नीट बनतच नाहीत आणि बाळ जगत नाही. ती मिटण्यासाठी पेशींना भराभर दुप्पट व्हावं लागतं, आणि त्यासाठी फोलेट हवं. गोळीतल्या फोलेटला आपण फॉलिक ॲसिड म्हणतो.

या फोलेटच्या शोधाचा धागा मुंबईच्या गिरण्यांतून जातो, हे फारसं सांगितलं जात नाही. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा एक जीवघेणा पंडुरोग त्यांना अभ्यासायचा होता. रक्तातल्या लाल पेशी आकाराने मोठ्या, संख्येने थोड्या, आणि लोह देऊनही फरक नाही. या बायकांच्या जेवणात काय असतं याचा त्यांनी माग काढला, उंदरांना आणि माकडांना तसंच खाऊ घालून पाहिलं, आणि शेवटी मार्माइट, म्हणजे यीस्टचा काळपट, स्वस्त अर्क, बायकांना दिला. रक्त सुधारलं. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अर्कातला गुणकारी पदार्थ कोणता हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ मध्ये तोच पदार्थ पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं.

मेंदूशी त्याचा संबंध पक्का व्हायला आणखी ५० वर्षं गेली. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने एका मोठ्या चाचणीचे निकाल छापले. आधीच्या बाळात असा दोष असलेल्या बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तर दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. आता सर्वसाधारण सल्ला रोज ४०० मायक्रोग्रॅमचा आहे. आधीच्या बाळात दोष असेल तर डोस बराच जास्त, आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा. सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'आधीपासून' हा. मूल हवं असं ठरलं की गोळी सुरू. तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात जाऊन घेतलेली तीच गोळी रक्तासाठी उपयोगाची असते, पण नळीच्या बाबतीत वरात निघून गेलेली असते.

शाळेत मुलींना आठवड्याला निळी गोळी मिळते ना, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. कित्येक मुली ती दप्तरात नाहीतर खिडकीबाहेर टाकतात. ती कशासाठी आहे हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं, त्यामुळे मुलींना तरी काय बोल लावायचा.

पुण्याजवळच्या सहा गावांत

फोलेटचा जोडीदार म्हणजे बी-१२. फोलेट आपल्याकडे पालेभाजी-डाळींतून बरंचसं मिळून जातं. बी-१२ मात्र वनस्पतींत नसतंच. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच ते मिळतं. शाकाहारी घरात, त्यातही दूध मोजूनमापून येणाऱ्या घरात, ते कमी पडतं.

किती कमी पडतं, हे पुण्यातच मोजलं गेलं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, डॉ. चित्तरंजन याज्ञिक त्याचे प्रमुख. बायका सडसडीत, शेतात राबणाऱ्या. बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो. जवळजवळ दोन तृतीयांश बायकांच्या रक्तात बी-१२ कमी सापडलं. आणखी दोन गोष्टी दिसल्या. दूध, फळं आणि पालेभाज्या जास्त वेळा खाणाऱ्या बायकांची बाळं जरा मोठी होती, आणि गरोदरपणात शेतातली कष्टाची कामं जास्त केलेल्या बायकांची बाळं लहान.

ही मुलं ९ वर्षांची झाल्यावर काहींच्या परीक्षा घेतल्या गेल्या. एका गटात गरोदरपणी बी-१२ खूप कमी असलेल्या आयांची मुलं, दुसऱ्यात चांगलं असलेल्या आयांची. पहिल्या गटातली मुलं दोन गोष्टींत मागे पडली: एका कामावर लक्ष टिकवणं आणि ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून ठेवणं. बुद्धिमत्तेच्या चाचणीत फरक आढळला नाही. म्हणजे मूल 'ढ' वगैरे काही होत नाही. पण वर्गात चाळीस मुलांमध्ये बसून बाईंनी तोंडी सांगितलेलं गणित धरून ठेवायचं असेल, तर नेमक्या याच दोन गोष्टी लागतात.

इथे सावधही राहायला हवं. मैसूरमध्ये असाच अभ्यास झाला तेव्हा मुलांच्या बौद्धिक चाचण्यांशी आईच्या फोलेटचा संबंध दिसला, बी-१२चा दिसला नाही. अशा अभ्यासांत दूध परवडणारं घर इतर बाबतींतही वेगळं असतं, त्यामुळे श्रेय कुणाचं ते सोडवणं अवघड जातं. म्हणून पुण्याच्या मंडळींनी २०१२ पासून पुढची पायरी घेतली: त्याच मुलांना, आता किशोरवयीन झालेल्यांना, लग्न-मूल व्हायच्या कितीतरी आधीपासून रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायचं, काहींना नुसती दिखाऊ गोळी, आणि पुढच्या पिढीकडे पाहायचं. पुढे त्यांची बाळं दोन-तीन वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा बी-१२ घेतलेल्या मुलींची बाळं समज आणि भाषा यांत सरस निघाली. बाळांची संख्या थोडी होती, त्यामुळे ही शेवटची ओळ नव्हे. पण २ मायक्रोग्रॅम म्हणजे किती? मिठाच्या एका कणाहूनही कितीतरी कमी.

बी-१२ फारच कमी असलेल्या आईच्या बाळाचं काय होतं ते वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६२ मध्येच लिहून ठेवलं होतं. नुसत्या अंगावरच्या दुधावर वाढलेली, दिसायला गुटगुटीत बाळं सहाव्या महिन्यानंतर मंदावू लागतात. हसणारं बाळ हसेनासं होतं, मान धरलेली सुटते, कातडी काळवंडते, कधी हातपाय थरथरतात. आईच्या रक्तातच बी-१२ नाही, तर दुधात कुठून येणार? अशा बाळाला बी-१२ दिल्यावर ते काही दिवसांत पुन्हा बघू-हसू लागतं, हे बालरोगतज्ज्ञ अजूनही पाहतात. उशीर किती झाला त्यावर पुढचं ठरतं.

त्यामुळे शाकाहारी बाईने गरोदरपणी बी-१२ तपासून घ्यावं आणि डॉक्टरांना विचारून पूरक गोळी घ्यावी. फक्त फॉलिक ॲसिडवर भागवलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि आतली बी-१२ची उणीव झाकलेली राहते.

मिठाची पिशवी

आयोडीनची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपण बऱ्यापैकी जिंकलो आहोत. मेंदूच्या पेशींनी कुठे जाऊन बसायचं, एकमेकींशी कशा जोडायच्या, याचे आदेश थायरॉइडच्या हार्मोनकडून येतात. हे हार्मोन आयोडीनशिवाय बनत नाही. बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पूर्ण भार उचलेपर्यंत निम्मं गरोदरपण सरतं; तोवर आईचंच हार्मोन चालवायचं. आईला आयोडीन फार कमी पडलं तर मूल बहिरं, मुकं, खुजं आणि मतिमंद होऊ शकतं. हिमालयाच्या पायथ्याची कित्येक गावं एके काळी यासाठीच ओळखली जात. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं, गलगंड झपाट्याने कमी झाले, आणि तिथून देशाचं मीठ बदलायला सुरुवात झाली. खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकण्यावरची सध्याची बंदी २००६ पासूनची आहे.

आता शहरात उलटी हवा आहे. सैंधव मीठ, 'नैसर्गिक' खडे मीठ, गुलाबी मीठ. त्यात भरवशाचं आयोडीन नसतं. घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर साध्या आयोडीनच्या पिशवीला पर्याय शोधू नये. आणि मीठ उघड्या बरणीत, गॅसशेजारी ठेवू नये, आयोडीन उडून जातं.

लोह, चहा आणि रक्तवाढीची गोळी

आता लोह. इथे मात्र आपण जिंकलेलो नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका आणि ६ महिने ते ५ वर्षं वयाची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षय असलेली आढळली. महाराष्ट्रातल्या मुलांचा आकडा ६८.९ टक्के. आधीच्या पाहणीत तो ५३.८ होता. श्रीमंत राज्यात आकडा वर जातो आणि त्यावर साधी चर्चाही होत नाही, याची मला गंमत वाटत नाही.

लोह म्हणजे रक्त, एवढंच आपल्याला माहीत असतं. मेंदूला ते तीन कामांसाठी लागतं. मेंदूतल्या 'तारां'वर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टन चढतं, त्याने निरोप भराभर जातो. हे वेष्टन चढवणाऱ्या पेशी लोहाच्या फार भुकेल्या असतात. दुसरं, डोपामिनसारखी निरोपाची रसायनं बनवायला लोह लागतं. तिसरं, आठवणी साठवणारा मेंदूचा भाग नेमका गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतर लगेच झपाट्याने वाढतो, आणि त्याला इंधन जाळायला लोह लागतं. यातली वाईट खुबी अशी की लोह कमी पडलं तर शरीर आधी रक्ताला देतं. बाळाचं हिमोग्लोबिन घसरलेलं दिसेपर्यंत मेंदू बराच काळ तुटीत चाललेला असतो.

कोस्टा रिकामध्ये बेट्सी लोझॉफ या संशोधक डॉक्टरांनी अशा बाळांचा पाठपुरावा १९ वर्षांपर्यंत केला. तान्हेपणी लोहाची दीर्घ तूट असलेल्या मुलांना औषध देऊन रक्त सुधारलं होतं. तरी शाळेत आणि पुढेही ती बाकीच्यांच्या मागेच राहिली, आणि गरीब घरातल्या मुलांत हे अंतर वाढत गेलं.

बाळ लोहाचा साठा घेऊन जन्माला येतं. त्यातला बहुतेक साठा शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून भरला जातो, म्हणून वेळेआधी जन्मलेल्या बाळाची शिदोरी अर्धवट असते. साठा साधारण सहा महिने पुरतो. जन्माच्या वेळी नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापली तर वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि शिदोरी वाढते; फुकटातला उपाय आहे.

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात १८० दिवसांच्या लाल गोळ्या मिळतात, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवसांच्या. गावात त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या म्हणतात. बऱ्याच बायका त्या अर्ध्यावर सोडतात. मळमळतं, शी काळी होते, पोट गच्च होतं, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की या गोळीने बाळ काळं होतं. काळी शी हे न शोषलेलं लोह आहे, त्याने काही बिघडत नाही. बाळाच्या रंगाशी गोळीचा काडीचा संबंध नाही. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्यावी. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये, दोघी एकमेकींच्या वाटेत येतात. मध्ये दोनेक तास जाऊ द्यावेत.

आणि चहा. जेवणाच्या जोडीला किंवा लगेच नंतर चहा घेतला तर भाजी-भाकरीतलं लोह शोषलं जाण्याचं प्रमाण बरंच घटतं. लिंबू, आवळा, पेरू याच्या उलट काम करतात. उसळीवर लिंबू पिळायची आपली पद्धत त्या दृष्टीने अव्वल आहे. चहा-चपातीची न्याहारी तितकीच वाईट. राजगिरा, माठ, अळीव, खारीक, हरभरा हे सगळं चांगलं, पण आधीच रक्त कमी असेल तर नुसत्या गुळ-शेंगदाण्याने ते भरून निघत नाही. गोळी लागतेच. नाचणीबद्दलही जाता जाता: ती कॅल्शियमची खाण आहे, लोहाची तितकीशी नाही.

यात अजून एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर आहारतज्ज्ञांकडे नाही. घरात शेवटी कोण जेवतं? गरोदर बाईने दूध प्यावं हे सगळ्यांना मान्य असतं, पण पातेल्यात उरलं तर. मराठवाड्यातून दर दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांत गरोदर बायका असतात, पहाटेपासून मोळ्या वाहतात, आणि त्यांचं नाव गावच्या अंगणवाडीच्या वहीत राहतं. २०१५ मध्ये राज्याने आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा बायकांसाठी अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली, त्यात घरी शिधा न देता अंगणवाडीत गरम चौरस जेवण ठेवलं. माझ्या मते त्यातलं शहाणपण हेच. शिधा घरात सगळ्यांचा होतो. समोर वाढलेलं ताट तिचंच राहतं.

चीक, गुटी आणि वरणाचं पाणी

जन्मतः मेंदू साधारण ३५० ते ४०० ग्रॅमचा असतो, म्हणजे मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पावपट. दोन वर्षांत तो ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. तान्ह्या बाळाच्या शरीरातली निम्म्याहून अधिक ऊर्जा एकटा मेंदू खातो. म्हणून 'पहिले हजार दिवस' म्हणतात: पोटातले २७० आणि नंतरच्या दोन वर्षांचे ७३०.

पहिलं दूध, पिवळसर चीक, पहिल्या तासात बाळाला मिळावं. गूळपाणी, मध, सोनं उगाळून चाटण, यांची गरज नाही. मधाने तर वर्षाच्या आतल्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. गुटीबद्दल घराघरांत वाद होतात. हळकुंड-वेखंडाचे दोन वळसे सहाणेवर उगाळताना आजीचा जीव ओतलेला असतो, हे मान्य. पण सहाण, पाणी आणि बोट यांतून जंतुसंसर्ग होतो, आणि जुलाबांत बाळाने कमावलेलं सगळं वाहून जातं.

आईच्या दुधात लोह थोडंच असतं, आणि आईने कितीही खाल्लं तरी ते फारसं वाढत नाही. बी-१२, आयोडीन आणि मेंदूला लागणारी डीएचए ही चरबी मात्र आईच्या खाण्याप्रमाणे कमी-जास्त होते. कोकणात-गोव्यात बाळंतिणीला तारली, बांगडे खाऊ दिले तर डीएचए आणि आयोडीन दोन्ही साधतं. मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, त्यांत पारा साठतो. अंडं खाणाऱ्या घरात अंडं असावंच. त्यात प्रथिनं, बी-१२ आणि स्मरणशक्तीच्या पेशींना लागणारं कोलिन असं सगळं एका कवचात येतं.

मग येतो सहावा महिना. उष्टावण. लोहाची शिदोरी संपत आलेली, मेंदूची भूक वाढलेली, आणि आपण बाळाला काय देतो? वरणाचं पाणी. भाताची पेज. डाळीचं पाणी म्हणजे बहुतांशी पाणीच. बाळाचं पोट लहान असतं, ते पाण्याने भरलं की खाणं संपलं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय रोज सुमारे २०० कॅलरी वरून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, वर्षानंतर ५५०. म्हणून घट्ट वरण-भात कुस्करून, वर चमचाभर तूप किंवा तेल. चमचा तिरपा केला तर पटकन ओघळू नये इतका दाट. खाणाऱ्यांच्या घरी कुस्करलेलं अंडं, काटे काढलेला मासा, कलेजी सहाव्या महिन्यानंतर चालते. दात यायची वाट बघावी लागत नाही. मोड आणून केलेल्या नाचणीच्या पिठाची खीर सैल होते, त्यामुळे कमी पाण्यात जास्त पीठ बाळाच्या पोटात जातं. फक्त सत्त्व गाळून गाळून पांढरंशुभ्र केलं की चोथ्याबरोबर बराच कस निघून जातो. वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य अन्न म्हणून देऊ नये, त्यातही लोह नसल्यासारखंच.

२०१९-२१ च्या त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या जेमतेम ११ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत होता. बाकीच्यांच्या घरी अन्नच नसतं असं नाही. चहात बुडवलेलं बिस्किट आणि पाच रुपयांचा पुडा बहुतेक ठिकाणी सापडतो.

चूक झाली तर?

हे वाचून एखाद्या आईच्या पोटात गोळा येईल. मी गोळ्या चुकवल्या होत्या, मला शेवटपर्यंत उलट्या होत होत्या, आता काय? तिच्यासाठी नेदरलँड्सची हकिकत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तिथल्या पश्चिम भागात रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेलं. त्या उपासमारीत पोटात असलेली मुलं १९ वर्षांची झाली आणि सैन्यभरतीसाठी त्यांच्या बुद्धीच्या चाचण्या झाल्या. फरक दिसला नाही. पोटातलं बाळ टंचाईत रक्त आधी मेंदूकडे वळवतं, आणि पुढची वर्षं सुकाळाची होती. पण ऐन दुष्काळात गर्भ राहिलेल्यांत मज्जानलिकेचे, म्हणजे सुरुवातीच्या त्या नळीचे, दोष वाढले आणि पुढे स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचं प्रमाण दुप्पट निघालं. पुन्हा तेच: किती उपाशी, यापेक्षा केव्हा उपाशी.

ग्वाटेमालातल्या चार गावांनी दुसरी बाजू दाखवली. १९६९ ते १९७७ या काळात दोन गावांत मुलांना प्रथिनयुक्त 'आतोले' नावाची खीर मिळाली, दोन गावांत नुसतं गोड सरबत. मोठेपणी हिशेब केला तेव्हा पहिल्या दोन वर्षांत खीर मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई सुमारे ४६ टक्के जास्त होती. तिसऱ्या वर्षानंतर खीर सुरू झालेल्यांत तो फायदा दिसला नाही.

आणि जमैका. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या १२९ खुरटलेल्या बाळांचे गट केले. काहींना दोन वर्षं दर आठवड्याला दुधाची पावडर. काहींच्या घरी आठवड्यातून तासभर आरोग्यसेविका जाई, घरच्याच टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला बाळाशी खेळायला-बोलायला शिकवी. काहींना दोन्ही. २० वर्षांनी खेळ मिळालेल्यांची कमाई २५ टक्के जास्त होती. नुसत्या पावडरचा फायदा टिकला नव्हता.

लोह आणि बी-१२ पोहोचल्यावर मेंदूतल्या जोडण्या कशाने पक्क्या होतात, तर वापराने. 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' करत अंगणात भरवणाऱ्या बाईला हे कुणी शिकवलेलं नसतं. ती चिमणी दाखवते, बाळ बोट करतं, ती नाव सांगते, बाळ 'आ' करतं. एका वाटीला अर्धा-पाऊण तास जातो. आता वाटी दहा मिनिटांत रिकामी होते, कारण डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला असतो. बाळाचं तोंड उघडतं, घास जातो, आणि त्याचे डोळे चिमणीवर नसतात, भरवणाऱ्या बाईवरही नसतात.